जिंकलेले सैन्य बराकीत परत कसे जाते? रामाल्यो इयानिश यांचे प्रकरण

25 नोव्हेंबर 1975 च्या रात्री पोर्तुगालमध्ये दूरचित्रवाणीसमोर बसलेल्यांना एक चमत्कारिक गोष्ट पाहायला मिळाली. दुरान क्लेमेंत नावाचे एक कॅप्टन कॅमेऱ्यासमोर बसून बंड केलेल्या डाव्या सैनिकांची बाजू मांडत होते. बोलता बोलता त्यांचे लक्ष समोरून होणाऱ्या खाणाखुणांकडे गेले. ते अडखळले, काही तांत्रिक अडचण दिसते अशा अर्थाचे काहीतरी बोलले, आणि पडद्यावर एकदम डॅनी के या अमेरिकी विनोदी नटाचा सिनेमा सुरू झाला. प्रक्षेपण लिस्बनच्या स्टुडिओतून काढून पोर्तोच्या केंद्राला जोडले गेले होते. बाजी कुणाकडे झुकली आहे, हे देशाला त्या सिनेमावरून कळले.

सिनेमा चालू असताना लिस्बनच्या वेशीवरच्या आमादोरा गावी, कमांडो रेजिमेंटच्या आवारातून खऱ्या हालचाली चालल्या होत्या. त्यांची सूत्रे चाळीस वर्षांच्या एका लेफ्टनंट कर्नलच्या हातात होती. उंच, सडपातळ, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. आंतोनियो रामाल्यो इयानिश. देशातल्या बहुतेकांनी तोवर त्यांचे नावही ऐकले नव्हते. सात महिन्यांनी ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि दहा वर्षे त्या पदावर राहिले.

इयानिश यांची ओळख सहसा '25 नोव्हेंबरचे विजेते' अशी करून देतात. त्या दिवशी त्यांनी जे केले ते कुशल होते, पण तसे जगातल्या पुष्कळ कर्नलांना जमले आहे. जिंकलेल्या अधिकाऱ्याच्या हातात सत्ता आयती येते, आणि मग ती हातातून सुटत नाही. आपल्या शेजारीच झिया उल हक यांनी 1977 च्या जुलैमध्ये नव्वद दिवसांत निवडणुका घेण्याचा शब्द दिला होता, त्याचे पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच जुलैमध्ये इयानिश यांच्या राष्ट्राध्यक्षपदाला एक वर्ष पूर्ण होत होते. पोर्तुगालची गाडी वेगळ्या रुळावर कशी गेली, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे.

गोव्यातून आंगोलापर्यंत

इयानिश यांचा जन्म 25 जानेवारी 1935 चा, पोर्तुगालच्या अंतर्भागातल्या काश्तेलो ब्रांको जिल्ह्यातल्या आल्काइन्श या गावचा. 1952 मध्ये ते सैनिकी विद्यालयात दाखल झाले आणि पायदळात अधिकारी झाले. पहिली मोठी परदेशी नेमणूक होती गोव्यात, 1958 ते 1960. त्यानंतर मकाव, मोझांबिक, गिनी आणि शेवटी आंगोला. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या साम्राज्याचा जवळजवळ सगळा नकाशा त्यांनी बुटांखाली घातला, आणि तो नकाशा फाटत चालला आहे हेही जवळून पाहिले.

गोव्याचा धागा इथे नुसता योगायोगाचा नाही. इयानिश परतल्यावर दीडेक वर्षाने, डिसेंबर 1961 मध्ये, भारतीय फौजा गोव्यात शिरल्या. जिंकलेले किंवा मेलेले, असे दोनच प्रकारचे सैनिक असू शकतात, असे सालाझार यांनी गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना कळवले होते. सिल्व्हा यांनी व्यर्थ रक्तपात टाळून शरणागती पत्करली. साडेतीन हजारांच्या आसपास पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी झाले आणि 1962 मध्ये मायदेशी परतले, तेव्हा त्यांचे स्वागत अपराध्यांसारखे झाले. खुद्द सिल्व्हा यांना सैन्यातून बडतर्फ केले गेले. अशक्य लढाई लढायला सांगायचे आणि हरल्यावर खापर सैन्याच्या डोक्यावर फोडायचे, ही रीत अधिकाऱ्यांच्या एका पिढीच्या मनात खोल रुतून बसली. पुढे आफ्रिकेत तेरा वर्षे तीन आघाड्यांवर युद्ध लांबत गेले, तेव्हा 'उद्या आपलाही सिल्व्हा होणार' ही धास्ती कॅप्टन-मेजर पातळीवर उघड बोलली जाऊ लागली. 25 एप्रिल 1974 ला या मधल्या फळीनेच अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही एका दिवसात खाली खेचली. सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशनची फुले खोचलेली छायाचित्रे त्याच दिवसाची.

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, 31 डिसेंबर 1974 ला, नव्या पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरिश दिल्लीत आले आणि गोवा, दमण, दीव, दादरा व नगरहवेलीवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य करणाऱ्या करारावर त्यांनी सही केली. भारताच्या बाजूने सही होती यशवंतराव चव्हाणांची. गोवा मुक्त झाला तेव्हा चव्हाण मुख्यमंत्री होते, आता परराष्ट्रमंत्री. तेरा वर्षे रखडलेला कागद क्रांतीनंतर आठ महिन्यांत निघाला.

25 एप्रिलला इयानिश आंगोलात होते, म्हणजे क्रांतीच्या नायकांच्या यादीत त्यांचे नाव नाही. परतल्यावर त्यांच्याकडे सरकारी दूरचित्रवाणीचे काम आले आणि ते तिचे प्रमुख झाले. मार्च 1975 मध्ये क्रांतीनंतरचे पहिले राष्ट्राध्यक्ष जनरल स्पिनोला यांचा डाव्यांविरुद्धचा उलटा उठाव फसला, तेव्हा त्यात हात असल्याचा संशय इयानिश यांच्यावर घेतला गेला. त्यांनी राजीनामा दिला, चौकशीची मागणी केली, आणि निर्दोष ठरले. या काळात ते जवळपास बिनकामाचे अधिकारी होते. पण बिनकामाच्या माणसाकडे कोणी लक्ष देत नाही, आणि त्याला विचार करायला वेळही मिळतो.

तापलेला उन्हाळा

1975 सालातला पोर्तुगाल समजून घेताना भल्याभल्यांची गाडी अडखळते. थोडक्यात असे. एप्रिलमध्ये घटना समितीच्या निवडणुका झाल्या. नव्वद टक्क्यांहून अधिक मतदान झाले. सोआरिश यांच्या समाजवादी पक्षाला 38 टक्क्यांच्या आसपास मते मिळाली, मध्यम-उजव्यांना 26, आणि सर्वांत शिस्तबद्ध असलेल्या कम्युनिस्ट पक्षाला साडेबारा. पण सत्ता मतपेटीत नव्हती. बँका आणि विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले होते, दक्षिणेत शेतमजूर जमीनदारांच्या शेतांचा ताबा घेत होते, उत्तरेत कम्युनिस्ट पक्षाची कार्यालये जाळली जात होती, आणि पंतप्रधानपदी जनरल वास्को गोन्साल्व्हिश हे कम्युनिस्टांच्या जवळचे लष्करी अधिकारी होते. मतांचा अधिकार मोठा की क्रांतीचा, हा त्या उन्हाळ्याचा वाद होता.

सैन्यही तीन तुकड्यांत विभागले गेले: गोन्साल्व्हिश यांचा गट, ओतेलो सराइव्हा द कार्व्हाल्यो यांच्याभोवतीचा जहाल डाव्यांचा गट, आणि मेलो आंतुनिश, व्हास्को लोरेन्सो वगैरे नऊ अधिकाऱ्यांचा मवाळ गट. या नऊ जणांनी ऑगस्टमध्ये एक निवेदन काढले: समाजवाद हवा, पण पूर्व युरोपचा नको आणि घाईचा नको. इयानिश या नऊ जणांत नव्हते. पण वेळ आली तर लष्करी पातळीवर काय करायचे, याचा आराखडा ज्या छोट्या गटाकडे सोपवला गेला, त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. राजकीय भाषा आंतुनिश यांची, नकाशे इयानिश यांचे.

नोव्हेंबरात गोष्टी हास्यास्पद थराला गेल्या. बांधकाम कामगारांनी संसदेला वेढा घालून पंतप्रधान पिन्येरो द आझेव्हेदो यांच्यासह सगळ्यांना आत कोंडले. सुटका झाल्यावर काही दिवसांनी सरकारनेच संप पुकारला: सैन्य संरक्षणाची हमी देत नाही तोवर आम्ही कारभार करणार नाही! सरकार संपावर गेल्याचे दुसरे उदाहरण निदान मला तरी आठवत नाही.

25 नोव्हेंबर

ठिणगी पडली ती ओतेलोंना लिस्बनच्या लष्करी विभागावरून हटवण्याच्या निर्णयाने. 25 ला पहाटे तांकुश इथल्या पॅराट्रूपर सैनिकांनी हवाई दलाचे अनेक तळ ताब्यात घेतले. ते आपल्या वरिष्ठांवर आधीच चिडलेले होते. त्यांचे अधिकारी त्यांना सोडून निघून गेले होते आणि दलच बरखास्त व्हायच्या बेतात होते. हे सुनियोजित बंड होते की संतापाचा उद्रेक, यावर पोर्तुगालमध्ये आजही दोन तट आहेत. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, कारण बंडाला नेताच नव्हता. ज्यांनी नेतृत्व करावे अशी अपेक्षा होती ते ओतेलो 24 च्या रात्री घरी जाऊन झोपले होते. दुसऱ्या दिवशी ते बेलेंच्या राष्ट्राध्यक्ष निवासात गेले आणि तिथेच अडकून पडले.

समोरच्या बाजूला मात्र तयारी पक्की होती. राष्ट्राध्यक्ष जनरल कोस्ता गोमेश बेलेंत बसून राजकीय धागे सांभाळत होते, इयानिश आमादोरात. लिस्बन हातचे गेले तर उत्तरेत पोर्तोला हलायचे, हाही पर्याय तयार होता. सोआरिश तर तिकडे जाऊन पोहोचलेही होते. संध्याकाळपर्यंत जाइमी नेव्हिश यांच्या कमांडोंनी मोन्सांतोचा तळ परत घेतला. लिस्बन परिसरात लष्करी आणीबाणी जाहीर झाली. कम्युनिस्ट पक्षाने आपल्या लोकांना रस्त्यावर उतरवले नाही आणि नौदलाचे मरीन सैनिक छावणीतच राहिले. तराजू तिथे झुकला. 26 च्या सकाळी आझुदा इथल्या लष्करी पोलिसांच्या रेजिमेंटपाशी गोळीबार झाला आणि तीन सैनिक मारले गेले. दोन कमांडो, एक लष्करी पोलीस. यादवीची भाषा सहा महिने चालली होती, त्या मानाने किंमत कमी म्हणायची. त्या तिघांच्या घरच्यांना अर्थात हा हिशेब सांगता येणार नाही.

आता प्रकरणातला कळीचा क्षण. 26 च्या रात्री विजेत्यांच्या बाजूच्या अनेकांना हिशेब चुकता करायचा होता. कम्युनिस्ट पक्षावर बंदी घाला, ही मागणी उजवीकडून जोरात होती, आणि त्या रात्री ती अमलात आणणे अशक्यही नव्हते. मेलो आंतुनिश दूरचित्रवाणीवर आले आणि त्यांनी स्पष्ट सांगितले की कम्युनिस्ट पक्षाच्या सहभागावाचून पुढची वाटचाल होऊ शकत नाही. हे वाक्य आंतुनिश यांचे, पण त्याला अर्थ आला तो बंदूक हातात असलेल्या इयानिश यांनी ते मानले म्हणून. अटका झाल्या, ओतेलोंच्या हाताखालचे खास लष्करी दल बरखास्त झाले, बदल्या झाल्या. पण कुणाला फासावर चढवले नाही, कोणत्या पक्षावर बंदी आली नाही, आणि घटना समितीचे काम बंद पडले नाही. डाव्यांचे बंड मोडून काढायचे आणि त्याच हाताने उजव्यांचा सूडही अडवायचा, यातली दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा अवघड वाटते, कारण ती आपल्याच माणसांविरुद्ध करावी लागते.

एका माणसाकडे तीन पदे

डिसेंबरमध्ये इयानिश लष्करप्रमुख झाले. फेब्रुवारी 1976 मध्ये सैन्य आणि राजकीय पक्ष यांच्यात करार झाला: राष्ट्राध्यक्ष थेट जनतेच्या मतांनी निवडायचा, आणि संक्रमणकाळापुरती अधिकाऱ्यांची 'क्रांती परिषद' घटनेचे रक्षक म्हणून राहील. नवी राज्यघटना 25 एप्रिल 1976 ला लागू झाली. जूनमध्ये निवडणूक झाली. समाजवाद्यांपासून उजव्या लोकशाहीवाद्यांपर्यंत तीन मोठ्या पक्षांनी इयानिश यांना पाठिंबा दिला. प्रचारात ते एव्होरा या डाव्यांच्या बालेकिल्ल्यात गेले असता गोळीबार झाला, आणि आडोसा शोधायचे सोडून ते मोटारीच्या टपावर चढून उभे राहिले. काळा चष्मा लावलेल्या, न हसणाऱ्या या माणसाकडे वक्तृत्व नव्हते. त्या एका कृतीने प्रचाराचे काम झाले. 61.6 टक्के मते त्यांना, 16.5 ओतेलोंना. हरलेल्या बंडाचा चेहरा ठरलेला माणूस सात महिन्यांनी मतपत्रिकेवर उभा होता आणि दुसरा आला, ही गोष्ट मला आकडेवारीपेक्षा बोलकी वाटते.

पण इथे शंका घ्यायला जागा आहे, आणि घ्यायलाच हवी. 1976 नंतर इयानिश राष्ट्राध्यक्ष होते, तिन्ही सैन्यदलांचे संयुक्त प्रमुखही होते, आणि क्रांती परिषदेचे अध्यक्षही. कागदावर पाहिले तर ही लष्करशाहीच. मग ती तशी झाली का नाही?

माझे उत्तर असे की सैन्याला आवरायला त्या वेळी सैन्यातलाच माणूस लागणार होता. दोन वर्षे बराकीत सभा भरत होत्या, शिपाई कोणता हुकूम मानायचा हे हात वर करून ठरवत होते. वकील किंवा प्राध्यापक असलेल्या संरक्षणमंत्र्याने सांगितले असते तर कर्नलांनी ऐकले नसते. इयानिश यांनी सांगितले, तेव्हा ते ऐकण्यावाचून इलाज नव्हता. सभा बंद झाल्या, बढत्यांची जुनी शिडी परत आली, आफ्रिकेसाठी फुगवलेले सैन्य कापून लहान केले गेले. हे काम नीरस होते. त्याची छायाचित्रे निघत नाहीत.

राजकारणात मात्र त्यांचा हात तितका हलका नव्हता. जुलै 1978 मध्ये सोआरिश यांची आघाडी फुटली आणि राजीनामा द्यायला ते तयार होईनात, तेव्हा इयानिश यांनी त्यांना पदावरून दूर केले. मग लागोपाठ तीन सरकारे राष्ट्राध्यक्षांच्या पुढाकाराने आली, पक्षांना बाजूला ठेवून. पहिले संसदेने काही आठवड्यांतच नाकारले. दुसरे जून 1979 पर्यंत चालले. तिसऱ्याच्या प्रमुख होत्या मारिया द लुर्दिश पिंतासिल्गो, पोर्तुगालच्या पहिल्या महिला पंतप्रधान. पक्ष भांडत बसले आहेत, त्यापेक्षा चार सचोटीची, जाणकार माणसे बसवली तर कारभार सुरळीत चालेल, हा विचार गणवेशातून आलेल्या माणसाला भुरळ घालतो. तीनदा प्रयोग करूनही तो जमला नाही. त्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की संसदेने नाही म्हटले तेव्हा त्यांनी ते मान्य केले आणि निवडणुकीचा रस्ता मोकळा ठेवला.

सोआरिश यांनी तो अपमान कधी गिळला नाही. 1980 मध्ये समाजवादी पक्षाने इयानिश यांना पुन्हा पाठिंबा दिला, तेव्हा सोआरिश स्वतःच्याच पक्षाच्या सरचिटणीसपदावरून तात्पुरते बाजूला झाले. उजव्या आघाडीने दुसरा जनरल उभा केला, आंतोनियो सोआरिश कार्नेइरो. मतदानाच्या तीन दिवस आधी पंतप्रधान सा कार्नेइरो यांचे विमान लिस्बनजवळ कामारातीला कोसळून ते ठार झाले. शोकाची लाट उजव्यांच्या बाजूने जाईल असा अंदाज होता. तरी इयानिश 56.4 टक्के मते घेऊन पहिल्याच फेरीत निवडून आले.

परिषद जाते

1981 च्या सुरुवातीला त्यांनी सैन्यदलांच्या प्रमुखाचे पद सोडले. 1982 मध्ये समाजवादी आणि उजव्यांनी एकत्र येऊन घटनादुरुस्ती केली. क्रांती परिषद विसर्जित झाली, तिचे काम घटना न्यायालयाकडे गेले, राष्ट्राध्यक्षांचे अधिकार कापले गेले. सरकार पाडण्याचा त्यांचा पूर्वीचा सैल अधिकार आता 'लोकशाही संस्थांच्या कामकाजासाठी आवश्यक असेल तरच' असा बांधला गेला. पाठोपाठ संरक्षण कायदा आला आणि सैन्य सरकारच्या अखत्यारीत गेले.

इयानिश यांनी हे हसतमुखाने केले असे समजू नये. संरक्षण कायद्यावर त्यांनी नकाराधिकार वापरला. सैन्य एका पक्षाच्या सरकारच्या हातात जाईल, ही त्यांची भीती होती. संसदेने तोच कायदा पुन्हा मंजूर केला. मग त्यांनी सही केली. त्यांच्या दहा वर्षांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग हाच, आणि चरित्रांत त्याला दोन ओळी मिळतात. सात वर्षांपूर्वी लिस्बनमध्ये ज्याचा शब्द रणगाडे हलवत होता, त्या माणसाला संसदेने त्याच्याच क्षेत्रात हरवले, आणि बराकीत कोणीही हलले नाही.

पक्ष काढावा की काढू नये

दुसरी मुदत मार्च 1986 मध्ये संपणार होती आणि तिसऱ्यांदा लगेच उभे राहता येत नव्हते. 1985 मध्ये त्यांच्या अनुयायांनी लोकशाही नवनिर्माण पक्ष काढला. पक्षाचे भांडवल एकच: इयानिश यांची सचोटी. ते अजून राष्ट्राध्यक्षच होते, प्रचारात उतरू शकत नव्हते. तरी ऑक्टोबरच्या निवडणुकीत पक्षाला 17.9 टक्के मते आणि 45 जागा मिळाल्या. समाजवाद्यांचे कंबरडे मोडले. पुढे इयानिश यांनी स्वतः पक्षाची सूत्रे घेतली.

एप्रिल 1987 मध्ये त्यांच्या पक्षाने मध्यम-उजवे पंतप्रधान कावाको सिल्व्हा यांच्या अल्पमतातल्या सरकारवर अविश्वासाचा ठराव आणला आणि तो मंजूर झाला. हिशेब असा होता की डावे पक्ष मिळून नवे सरकार करतील. पण आता बेलेंच्या प्रासादात राष्ट्राध्यक्ष म्हणून बसले होते मारियो सोआरिश. त्यांनी नवे सरकार बनवायला कुणाला बोलावले नाही. संसदच बरखास्त केली. 1978 ची परतफेड एवढ्या नेमकेपणाने करायची संधी राजकारणात क्वचित मिळते. जुलैमध्ये कावाको सिल्व्हा यांना 50.2 टक्के मते पडली, क्रांतीनंतर प्रथमच एका पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. इयानिश यांचा पक्ष 4.9 टक्के आणि 7 जागांवर आला.

पराभव कावाको यांनी केला असे वरवर दिसते. मला वाटते तो आधीच झाला होता. पक्षांच्या वर राहणारा माणूस म्हणून लोकांनी इयानिश यांना दोनदा निवडले होते. पक्ष काढल्यावर ते त्या सगळ्यांच्या रांगेत येऊन उभे राहिले. शिवाय संघटना, कार्यक्रम, भांडकुदळ कार्यकर्ते सांभाळण्याची कला बराकीत शिकायला मिळत नाही. त्यांनी ताबडतोब अध्यक्षपद सोडले आणि सक्रिय राजकारणातून बाजूला झाले. नंतर मार्शल हा सर्वोच्च हुद्दा देऊ केला गेला तो त्यांनी नाकारला. निवृत्तिवेतनाची मागची थकबाकी दहा लाख युरोंहून जास्त होत होती, तीही घेतली नाही. सत्तरी ओलांडल्यावर स्पेनमधल्या नाव्हारा विद्यापीठातून डॉक्टरेट केली.

त्यांच्या पक्षाची नोंदणी मात्र कागदोपत्री राहिली. 1991 मध्ये एकही जागा मिळाली नाही, पुढे कर्जात बुडालेले नुसते नाव उरले. नवा पक्ष नोंदवायला लागणाऱ्या हजारो सह्या गोळा करण्यापेक्षा ते तयार नाव ताब्यात घेणे सोपे होते, म्हणून 1999 मध्ये अतिउजव्या राष्ट्रवाद्यांच्या एका गटाने पक्षात शिरून त्याचा ताबा घेतला आणि पुढच्या वर्षी नाव बदलून आपला पक्ष म्हणून तो चालवायला सुरुवात केली.